टपालरावांची हालचाल नोंदवही

घरात काय चालले आहे हे घरातल्या पुरुषाला सगळ्यात शेवटी कळते, असे म्हणतात. टपालरावांना तेवढाही मान मिळाला नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी ते कचेरीतून घरी आले तर दाराला कुलूप, आणि त्यांची किल्ली नेहमीप्रमाणे आत खुंटीवर. डबा मांडीवर घेऊन ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि बायको-मुली कुठे गेल्या असतील याचा विचार करू लागले. सव्वा तास विचार करूनही त्यांना एकसुद्धा शक्यता सुचली नाही. यावरून आपल्या घराविषयी त्यांना किती माहिती होती याची कल्पना यावी. शेवटी खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर पाय मोकळे करून परत आले आणि त्यांनी सांगितले, की धाकटीच्या चष्म्याचा नंबर तपासायचा होता, तिथून सगळे मावशीकडे जाणार आहेत आणि साडेसातपर्यंत परत येतील. वर "तुम्हाला माहीत नाही?" असे विचारायलाही ते विसरले नाहीत.

साडेसातला मंडळी आली. टपालरावांनी जिन्यातच जाब विचारला. बायको शांतपणे कुलूप काढत म्हणाली, "सकाळी सांगितलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

टपालराव 'हं' म्हणतात हे इमारतीत सर्वांना ठाऊक होते. धाकटीने एका रविवारी मोजले तेव्हा दुपारच्या जेवणापर्यंतच चौतीस भरले होते. पण हेडमास्तरांसमोर पायरीवर बसावे लागले ही गोष्ट त्यांना फार लागली. माणसाने आपल्या बायकोचा पत्ता शेजाऱ्याकडून घ्यायचा म्हणजे काय?

टपालराव एका मोठ्या कचेरीच्या टपाल शाखेत बावीस वर्षे होते. आलेला कागद वहीत चढवायचा, शिक्का मारायचा, ज्याचा त्याला पाठवायचा, आणि रोज संध्याकाळी वहीच्या प्रत्येक पानाखाली 'पाहिले' असे लिहून सही करायची, हे त्यांचे काम. त्यांचे खरे नाव इमारतीत कुणाला आठवत नसे. रागावली की बायकोसुद्धा त्यांना टपालराव म्हणे. बावीस वर्षांत त्यांच्या शाखेतून एकही कागद गहाळ झाला नव्हता. तेव्हा आपल्या घरात तीन चालतीबोलती माणसे रोज गहाळ होतात याचे कारण त्यांना लगेच सापडले. घरात वहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून लाल कापडी पाठीची लांबलचक वही आणली. अनुक्रमांक, तारीख, कोण, कुठे, कशासाठी, परत केव्हा आणि शेरा असे सात रकाने पट्टीने आखले. दाराशी चपलांच्या कपाटावर खिळा ठोकून वही टांगली. पेन पळू नये म्हणून दोरीने बांधले. दोरी वीतभर कमी पडली, त्यामुळे लिहिणाऱ्याला गाल भिंतीला टेकवून, अर्धवट वाकून लिहावे लागे. वर एक पुठ्ठा लावला: 'तोंडी सूचना ग्राह्य धरल्या जाणार नाहीत.'

त्यांची अटकळ होती की बायको विरोध करेल. तिने पुठ्ठा वाचला, वही चाळली आणि "बरं," म्हणाली. ही बायको वीस वर्षे संसार केलेली होती. 'बरं' म्हणण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते.

पहिल्या आठवड्यात वही झकास चालली. थोरली, म्हणजे बारावी संपवून घरी बसलेली मुलगी, नीटनेटक्या अक्षरात लिहायची: वाचनालय, पुस्तक बदलायला, सहा वाजता. धाकटीची दहा वर्षांची बुद्धी जरा मोकळी होती. 'बाल्कनी. कशासाठी: उगाच. परत केव्हा: आले पण.' एकदा तिने समोरच्यांच्या मांजराचीही नोंद केली. बायकोने एकच नोंद केली, पण जाडजूड केली. कुठे: स्वयंपाकघर. कशासाठी: तुमच्यासाठी. परत केव्हा: कधीच नाही.

टपालराव रोज संध्याकाळी चपला काढून वहीसमोर उभे राहत आणि 'पाहिले' लिहून सही ठोकत. मांजराखाली ठोकली, स्वयंपाकघराखालीही ठोकली. आता सत्य सांगायलाच हवे. ते वाचत नव्हते. यात त्यांचा आळस नव्हता. बावीस वर्षांत हाताला अशी सवय लागली होती की रेघा आखलेले पान दिसले की हात आपोआप खालच्या कोपऱ्यात जाई आणि डोळ्यांना तसदी देण्याचे कारणच उरत नसे. शिवाय टपाल शाखेचा एक अलिखित नियम आहे. ज्या पानावर 'पाहिले' आहे ते पान पुन्हा पाहायचे नसते. नाहीतर 'पाहिले' लिहिण्याला अर्थ काय उरला?

वही त्यांनी वाचली नाही तरी इतरांनी वाचली. समोरच्या काकू विरजण मागायला आल्या की कपाटापाशी थांबून आजचे पान वाचत, मग कालचे. हेडमास्तर वर्तमानपत्र परत करायला येत आणि लाल पेन सोबत आणत. त्यांनी धाकटीच्या पोहण्याच्या नोंदीतले तीन ऱ्हस्व दीर्घ केले आणि समासात 'प्रगती समाधानकारक' असे लिहिले. इमारतीच्या सेक्रेटरींनी अशीच वही जिन्यात ठेवावी असा ठराव मांडला आणि तो दोन सभा चर्चेला पुरला. थोडक्यात, टपालरावांच्या घरी काय चालले आहे हे आता सगळ्या इमारतीला कळू लागले. एक इसम मात्र याला अपवाद होता.

एकोणिसाव्या पानावर थोरलीने जी नोंद केली, ती एका ओळीत मावली नव्हती. लांबच्या एका गावी नकाशे काढायला शिकवणारी संस्था होती. रेल्वेने अठरा तास लागत. तिथे दोन वर्षांच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. घरात लहानपणापासून प्रत्येक पाकिटाच्या मागे गल्ल्या आणि वळणे काढणारी ही पोर, पण टपालरावांना वाटे ती वीज मंडळाच्या तारा काढते. तिने गाल भिंतीला टेकवून सगळे सविस्तर लिहिले, शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात आणखी दोन ओळी घातल्या, आणि दिवसभर खोलीत बसून राहिली. संध्याकाळी टपालराव आले, चपला काढल्या, 'पाहिले' लिहिले, सही केली, आणि आज चहात साखर जास्त आहे का असे विचारून खुर्चीत बसले.

तिथून त्यांचे ग्रह फिरले.

प्रथम काकू भेटल्या. एरवी कचऱ्याच्या डब्यावरून भांडणाऱ्या या बाई जिन्यात थांबून डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "एक दिवस जायचंच असतं हो. पण तुम्ही मन इतकं घट्ट केलंत, हे सगळ्यांना जमत नाही." टपालराव 'हं' म्हणाले आणि दोन पायऱ्या चढल्यावर त्यांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून सांगितले, की निघताना मागे वळून पाहू नये, त्याने मागच्यांना फार त्रास होतो. घरात पाहावे तर बायको एकाएकी त्यांच्याशी गोड बोलू लागली होती. एकदा तर जेवताना तिने आपणहून पंख्याची दिशा त्यांच्याकडे केली. वीस वर्षांत पंख्याने असा मान कधी दिला नव्हता.

टपालरावांची खात्री पटली की आपल्याला काहीतरी भयंकर झाले आहे आणि घरचे ते आपल्यापासून लपवत आहेत. सरळ विचारावे तर तोंडी सूचना ग्राह्य नाही असा पुठ्ठा त्यांनीच लावलेला. तोंडी विचारले तर स्वतःचाच नियम मोडतो. त्यांनी एकदा वहीसुद्धा उघडून पाहिली. पानामागून पान उलटले. प्रत्येक पानाखाली आपलीच सही बघून त्यांचे समाधान झाले. सगळी पाने निकालात निघाली होती. म्हणजे वहीत काही नव्हते.

मग ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छाती, पोट, जीभ, सगळे तपासले आणि काही नाही म्हणाले. टपालरावांनी आवाज खाली आणून विचारले, "काही नाही म्हणजे अंदाजे किती दिवस?" डॉक्टरांनी त्यांना पुन्हा एकदा जीभ दाखवायला सांगितली आणि झोप नीट लागते का ते विचारले. त्यावरून डॉक्टरही घरच्यांना सामील आहेत असे टपालरावांना वाटले, पण परत येईपर्यंत तो संशय निवळला. तब्येत तर ठणठणीत होती.

घरी आले तर माळ्यावरची लोखंडी पेटी खाली आली होती आणि बायको उशीच्या अभ्र्यावर लाल दोऱ्याने बेचाळीस हा आकडा टाकत होती. चादरीवर बेचाळीस. टॉवेलवर बेचाळीस. ती मान वर न करता म्हणाली, "असं ठळक असलेलं बरं, नाही का?" टपालराव 'हं' म्हणाले. पेटी, आकडे, जायचंच असतं, मागे वळून पाहू नये. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपली बदली झाली आहे. साऱ्या इमारतीला कळले आणि टपाल शाखेच्या माणसालाच टपाल मिळालेले नाही.

ते तडक आस्थापना शाखेत गेले. तिथल्या कारकुनाने सांगितले की तोंडी विचारणेला उत्तर देता येत नाही, लेखी द्या. हे वाक्य ऐकताना टपालरावांना कसेसेच झाले, पण त्यांनी दिले: 'माझ्या बदलीबाबत काही हालचाल असल्यास कळवावे.' आस्थापना शाखेने ते 'बदलीची विनंती' या फाइलीत लावले. टपालरावांनी घाबरून दुसरे पत्र दिले, की आपण बदली मागितलेली नाही. ते त्याच फाइलीत 'स्मरणपत्र' म्हणून गेले. तिसरे पत्र त्यांनी 'तातडीचे' असा शिक्का मारून पाठवले, तेव्हा कर्मचारी बदलीसाठी फारच अधीर झाला आहे अशी टिपणी खालून वर गेली. ही तिन्ही पत्रे त्यांच्याच शाखेतून, त्यांच्याच वहीत चढून गेली होती आणि तिन्ही नोंदींखाली त्यांनीच 'पाहिले' लिहिले होते. साहेबांनी शेवटी फाइलीवर शेरा मारला. तो शेरा कोणता होता हे सांगायची गरज नसावी.

बारा तारखेला अर्धा दिवस होता. टपालराव दुपारी घरी आले. या खेपेला किल्ली खिशात होती. बायको आणि मुली झाकणाची बादली आणायला गेल्या होत्या. झाकणाची बादली कशाला, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला होता. गेल्या महिन्यात त्यांनी असे बरेच प्रश्न सोडून दिले होते. दाराच्या फटीतून एक जाड पाकीट आत पडले होते. त्यावर 'पालक' असे लिहिले होते. पालक आपणच, असे ठरवायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी ते फोडले.

पत्र त्या नकाशाच्या संस्थेच्या वसतिगृहातून आले होते. लिहिणारा पक्का कारकून दिसत होता. 'आपल्या कन्येने पालकांची लेखी संमती म्हणून घरगुती नोंदवहीच्या पान एकोणीसची प्रत जोडली आहे. सदर पानावर पालकांचा "पाहिले" एवढाच शेरा आहे. पाहिले म्हणजे मंजूर नव्हे. सबब संमतीपत्र वीस तारखेपर्यंत न आल्यास बेचाळीस क्रमांकाची खाट पुढील उमेदवारास देण्यात येईल.' टपालरावांनी हे दोनदा वाचले. पहिल्यांदा त्यांना त्या कारकुनाविषयी आदर वाटला. इतकी वर्षे तेही असेच कागद परत पाठवत आले होते. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी खालची प्रत पाहिली आणि तिथे त्यांची सही होती.

त्यांनी खिळ्यावरून वही काढली, कपाटावरच्या चपला बाजूला सारल्या, तिथे बसले आणि एकोणिसावे पान वाचले. शेऱ्यातल्या बारीक ओळी चष्मा पुसून वाचाव्या लागल्या. 'बाबा, चालेल ना? तुम्ही नाही म्हणालात तर नाही जाणार.' त्याखाली पाहिले, सही, तारीख. बाविसाव्या पानावर पुन्हा तिचेच अक्षर होते. 'बाबा, पान एकोणीस पाहिलंत ना?' त्याखाली पाहिले, सही, तारीख.

मग त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मांजर वाचले. स्वयंपाकघर वाचले, आणि 'कधीच नाही' यावर बराच वेळ थांबले. धाकटी तलावावर पोहायला जात होती हे त्यांना त्या दुपारी कळले. 'आज पाण्यात नाक धरलं नाही.' 'आज ताई हात सोडून उभी राहिली, मी बुडले नाही.' 'आज एकटी पलीकडे गेले, बाबांना दाखवायचंय.' एका सोमवारी बायको दाताच्या डॉक्टरकडे जाऊन दाढ काढून आली होती. त्या रात्री जेवण थंड आहे म्हणून आपण कुरकुरलो होतो हे त्यांना आठवले. सगळा उन्हाळा त्या वहीत होता. त्यांच्याच घरचा उन्हाळा, हेडमास्तरांनी तपासलेला, काकूंनी वाचलेला, आणि खाली प्रत्येक दिवशी त्यांची सही. 'हं' लिहायला सात रकाने आखावे लागले होते, इतकाच काय तो फरक. टपालरावांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

पण माणूस लाजेतसुद्धा विचार करतो. पत्र आल्याचे फक्त त्यांना माहीत होते. कागद कसा मरतो हे टपाल शाखेच्या माणसाला कुणी शिकवायला नको. तो फाडावा लागत नाही, फक्त खणात ठेवावा लागतो. वीस तारीख आपोआप येते. मग खाट दुसऱ्या कुणाची तरी, आणि थोरली इथेच, वाचनालय, पुस्तक बदलायला, सहा वाजता परत. त्यांनी टेबलाचा खण उघडलासुद्धा. आत जुने चिमटे, सुटे सेल आणि धाकटीचा पडलेला दात होता. पत्र त्यावर ठेवले, खण लोटला, आणि खणाकडे पाठ करून खुर्चीत बसले. बावीस वर्षांत एकही कागद गहाळ झालेला नाही, ही एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्यात मिरवता येत होती. ती आज गेली तरी चालेल का, असे त्यांनी स्वतःला विचारले. उत्तर मिळायला तासभर गेला. त्यांनी खण उघडून पत्र बाहेर काढले.

बादली आली. हिरवी होती, झाकण घट्ट बसत होते. थोरलीने दाराशी वाकून गाल भिंतीला टेकवला आणि परत आल्याची वेळ टाकायला वही शोधू लागली. वही बाबांच्या मांडीवर होती.

"पान एकोणीस मी वाचलं नव्हतं," टपालराव म्हणाले.

ती सरळ उभी राहिली. बायकोने बादली खाली ठेवली.

"मग सही?"

"सही मी करतो. वाचत नाही."

थोरलीने त्यांच्या मांडीवरच्या वहीकडे पाहिले. मग म्हणाली, "मला वाटलं तुम्ही रागावलात. म्हणून बोलत नाही. महिनाभर मला हेच वाटत होतं."

टपालरावांच्या तोंडात 'हं' आला होता. तो त्यांनी कष्टाने गिळला. हे सोपे नव्हते. ज्यांना सवय आहे त्यांनाच ते कळेल.

"आता वाचलंय," ते म्हणाले. "मला नको वाटतंय. पण जा. नकाशे शीक. तारा समजत होतो मी त्यांना."

बायको म्हणाली की आता तोंडीच ठरलंय तर आधी चहा करते. पण पुठ्ठ्यावरचा नियम घरात मोडला तरी वसतिगृहाच्या कारकुनाला तोंडी चालणार नव्हते. त्या संध्याकाळी टपालरावांनी कोऱ्या कागदावर संमतीपत्र लिहिले आणि त्याखाली 'मंजूर' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. मंजूर करण्याचा अधिकार त्यांना कचेरीत कधी मिळालाच नव्हता. अक्षर जरा वाकडे आले. तरी संस्थेने ते चालवून घेतले.

त्यानंतरच्या रविवारी ते तलावावर गेले आणि धाकटी एकटी पलीकडे जाऊन परत येईपर्यंत काठावर उभे राहिले. सोमवारी त्यांच्या बदलीचा हुकूम निघाला. वारंवार केलेली विनंती सहानुभूतीने विचारात घेऊन त्यांना दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर हलवण्यात आले होते. काकू हे ऐकून पुन्हा रडल्या. हेडमास्तरांनी जिने चढताना गुडघ्यांची काळजी घ्यावी असा सल्ला दिला आणि मागे वळून पाहण्याबद्दल या वेळी काही म्हणाले नाहीत.

थोरली निघाली तेव्हा पेटी दारात होती, तिच्यावर हिरवी बादली. गाडीला वेळ होता तरी बायको घाई करत होती. थोरलीने सवयीने वाकून, गाल भिंतीला लावून नोंद केली आणि पेन सोडले. टपालरावांनी वही वाचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठी दोरी आणून बांधायचे ठरवले होते, ते राहूनच गेले होते. ते स्वतः वाकले, गाल भिंतीला टेकवला आणि ओळ डावीकडून वाचू लागले. अनुक्रमांक, तारीख. कोण: मी. कुठे, कशासाठी. परत केव्हा: दिवाळी-उन्हाळा नाही सांगता येत, पण पहिल्या सुट्टीला, नक्की. शेरा: बाबा, किल्ली खिशात ठेवत जा.

त्यांचा हात सवयीने खालच्या कोपऱ्यात गेला आणि 'पा' लिहून थांबला. त्यांनी तो 'पा' खोडला. कचेरीच्या वहीत खाडाखोड चालत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मग 'वाचले' असे लिहून त्यांनी सही केली, खिसा चाचपून किल्ली आहे ना ते पाहिले, आणि पेटीचे एक टोक उचलले.